डझनभर घरं, एकच देशकाल

मी तापट आहे. हे मला ठाऊक आहे, रोज कोणी सांगायची गरज नाही. तरी आमच्या घरात दोन माणसं रोज सांगतात. एक माझी बायको नीलांबरी, ती तोंडानं सांगते. दुसरा मुलगा धवल. तो काही बोलत नाही, कानाला हेडफोन लावतो आणि जिना चढून माडीवर जातो. त्याचा अर्थ तोच.

मी नृसिंह. तिसगावात आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवर भिक्षुकी करतो, लोक गुरुजी म्हणतात. माझी ख्याती अशी की मी मंत्राचं एक अक्षर गाळत नाही. दुसरी ख्याती अशी की माझ्याकडची सत्यनारायणाची पूजा सकाळी सुरू झाली तर प्रसाद रात्रीच्या जेवणाला होतो. ही दुसरी माझ्यावर जळणाऱ्यांनी पसरवलेली आहे.

धवल कॉम्प्युटरच्या गाभ्यात काम करतो. त्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. कंपनी बंगळुरात, हा माडीवर, आणि त्याचं काम तपासणारा माणूस आणखी कुठल्या तरी देशात. त्या माणसाचं उत्तर आलं नाही की आमच्याकडे कोणी धड जेवत नाही. त्या आठवड्यात असंच चाललं होतं. शेवटी चहाच्या वेळी मीच विचारलं, "तुझं घोडं अडलंय तरी कुठं?"

"बाबा, तुम्ही चिडणार नसाल तर सांगतो."

"मी कधी चिडतो?"

स्वयंपाकघरातून नीलांबरीच्या हातातलं भांडं पडल्याचा आवाज आला. तो मुद्दाम होता.

धवल सांगू लागला. एकाच मोठ्या मशिनवर हजारो लोकांची कामं चालतात. एकाचं दुसऱ्याला दिसू नये म्हणून प्रत्येकाला आतल्या आत वेगळं घर करून देतात. स्वतःचा पत्ता, स्वतःचं दार, स्वतःचे रस्ते. आत बसलेल्याला वाटतं, अख्ख्या मशिनवर आपण एकटेच आहोत. अशा घराला म्हणे नेटवर्क नेमस्पेस म्हणतात.

"म्हणजे फ्लॅट," मी म्हटलं.

"फ्लॅटमध्ये वरच्यांचा मिक्सर ऐकू येतो. इथं तेवढंही नाही. अडचण अशी आहे की ही घरं उभी करायला फार वेळ लागतो. आणि जितकी घरं आधी उभी असतील, तितका पुढच्याला जास्त."

"का?"

"नवं घर झालं की त्याची बातमी आधीच्या सगळ्या घरांना जाते. आणि प्रत्येक घरासाठी त्या बातमीचं पत्र पहिल्या अक्षरापासून नव्यानं लिहिलं जातं. मजकूर तोच."

मी कपबशी खाली ठेवली. "कुठल्या गाढवानं हे ठरवलं? मजकूर एक असेल तर पत्र एकदा लिहावं आणि नकला काढाव्यात. वेगळं असेल तेवढं नाव बदलावं. यासाठी कॉलेजात जावं लागतं का?"

"तेच केलंय मी," धवल म्हणाला. "पाठवलंही आहे. पण तो तपासणारा म्हणतो, घाईघाईत एकाही घराची बातमी चुकली नाही याचा पुरावा दे. तो फार कडक आहे, बाबा. थोडा तुमच्यासारखा."

मला तो परदेशी माणूस एकदम आवडला. धवल आता बोलायच्या भरात होता, म्हणून मी आणखी विचारलं, की मग नव्या घरात आधी काय येतं.

"बाहेरची एकही लाइन नसते. एकच लाइन असते, स्वतःची स्वतःला. आधी ती चालू करायची. मग स्वतःलाच हाक मारायची आणि स्वतःच उत्तर द्यायचं. उत्तर आलं की समजायचं, घर नीट उभं राहिलं."

मी इतका हसलो की चहा नाकात गेला. स्वतःलाच फोन लावायचा आणि स्वतःच 'हॅलो' म्हणायचं. एवढ्यासाठी यांना पगार देतात. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी येणाऱ्याजाणाऱ्याला हे सांगत होतो.

तेवढ्यात नीलांबरी पदराला हात पुसत बाहेर आली. "उद्याचं तुमचं काय ठरलं ते सांगा आधी. एका मुहूर्तावर डझनभर वास्तुशांती. पाथर्डीहून सुश्रुतला बोलवा म्हटलं तर ऐकत नाही तुम्ही."

हे प्रकरण असं. तुळशीची लग्नं लागेपर्यंत चार महिने वास्तूचे मुहूर्त नसतात. ती लागली की पहिल्या मुहूर्ताला सगळ्यांची झुंबड. आमच्या गावाबाहेर माळावर डझनभर घरांची नवी वस्ती झालेली. एकाच मापाची, एकाच पिवळ्या रंगाची. सगळ्यांना तोच दिवस हवा, आणि मुहूर्त दुपारी संपणारा. मी सगळ्यांना 'हो' म्हटलं. सुश्रुत मोबाइलमध्ये बघून मंत्र म्हणतो. मध्येच फोन आला तर विष्णुसहस्रनामात रिंगटोन वाजते. मी जिवंत असताना तो माझ्या गावात पाट मांडणार नाही.

"म्हणजे कुलूप एकच आणि किल्ली एकाच्याच हातात," धवल म्हणाला. "माझ्याकडेही तेच आहे. एका वेळी एकच घर, बाकीचे रांगेत. आणि बाबा, तुम्ही उद्या देशकाल प्रत्येक घरी म्हणणार?"

देशकाल म्हणजे संकल्पाच्या आधी जे म्हणतात ते. आपण कुठं बसलोय आणि केव्हा. जंबुद्वीप, भरतवर्ष, दंडकारण्य, गोदावरीचा दक्षिण तीर. मग संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र, सूर्य कुठल्या राशीत, गुरू कुठल्या राशीत. सगळं झालं की अमुक गोत्राचा अमुक माणूस हे कर्म करतो. मी ते सावकाश म्हणतो. खरं तर फार सावकाश म्हणतो.

"अर्थात म्हणणार," मी म्हटलं.

"सगळ्यांचं गाव एक, दिवस एक, नक्षत्र एक. मजकूर तोच. वेगळं आहे ते नाव. मघाशी गाढव कोणाला म्हणालात?"

मी जे बोललो ते इथं लिहीत नाही. देवाचं आणि यंत्राचं एक करू नकोस, एवढा त्याचा सभ्य सारांश. नीलांबरी आत जाता जाता म्हणाली, "लोका सांगे ब्रह्मज्ञान." पुढचं तिनं मुद्दाम म्हटलं नाही.

संध्याकाळी रंगुबाई आली. वस्तीतलं सगळ्यात टोकाचं घर तिचं. ऊसतोडीला जाणारी बाई. नवरा गेला, दोन्ही लेकी सासरी, आणि आयुष्याचे अर्धे महिने कारखान्याच्या फडात उसाच्या पाचटानं शाकारलेल्या कोपीत काढलेले. घर पुरं होऊन महिना झाला तरी ती अंगणात चूल मांडून अंगणातच निजत होती. वास्तुशांत झाल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, असं तिनं मनाशी धरलं होतं.

"गुरुजी, उद्या दुपारी आमची गाडी हाय कारखान्याला," ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "त्याच्या आत व्हईल न्हवं माझं? येकदा आपल्या छपराखाली बसून जावं वाटतंय. मग उन्हाळ्यापत्तर येनं न्हाई."

"रंगुबाई, नृसिंहानं शब्द दिला म्हणजे दिला," मी म्हटलं. माझा शब्द म्हणजे काय हे गावाला माहीत आहे. मला वाटत होतं, मलाही माहीत आहे.

सकाळी वस्तीवर गेलो तर आधी पहिलं कोण यावर भांडण. पहिलं घर मालनबाईचं. तिचा नवरा गोरक्षनाथ मंडप आणि स्पीकरचा धंदा करतो, त्यामुळे घरापुढं मंडप, गच्चीवर दोन भोंगे आणि पहाटेपासून भक्तिगीतं. "स्पीकर आमचा, मंडप आमचा, मग आधी शांत कुनाची?" मालनबाईनं विचारलं. दुसरं घर ओंकार मास्तरांचं. ते म्हणाले की वर्णानुक्रमे घ्या, त्यात आपण आधी येतो. रंगुबाई काहीच म्हणाली नाही. जो भांडत नाही तो रांगेत शेवटी, हा नियम सगळीकडे आहे.

मालनबाईची शांत मी माझ्या पद्धतीनं केली. देशकाल म्हटला, पूर्ण म्हटला. ती म्हणाली, "गुरुजी, नीट म्हना हं, पावनं आल्यात." तेव्हा जास्तच नीट म्हटला. तिथून ओंकार मास्तरांकडे गेलो. मास्तर मध्येच शंका विचारतात. गुरू आत्ता नेमका त्याच राशीत आहे का, वक्री आहे का मार्गी. मी समजावून सांगितलं. मास्तरांच्या दारातून बाहेर पडलो तर ऊन डोक्याकडे निघालेलं, आणि पुढं दहा घरं बाकी, दारादारांत यजमान सोवळं नेसून, हातात सुपारी घेऊन माझ्याकडे बघत उभे.

नीलांबरी मात्र पुढं जाऊन प्रत्येक घरात पाट, कलश, तांदूळ, सुपारीचा गणपती मांडून बसली होती. मी न सांगता. "घरं तयार आहेत," ती म्हणाली. "फक्त तुम्ही एकटेच आहात."

तेवढ्यात वस्तीच्या तोंडाशी ट्रक येऊन उभा राहिला. ट्रकात भांडीकुंडी, गाठोडी, शेळ्या, पोरं. टोळीचा मुकादम बिभीषण टपावर बसून हॉर्न वाजवायला सांगत होता. हॉर्न वाजला की मी वर सूर्याकडे बघायचो.

रंगुबाई आपल्या अंगणात गाठोडं बांधून बसली होती. नवं लुगडं नेसलेली. हॉर्न ऐकून ती उठली, गाठोडं काखेत मारलं आणि माझ्याकडे आली.

"ऱ्हाऊ द्या गुरुजी," ती म्हणाली. "घर काय पळून जातंय? उन्हाळ्यात आल्याव करू. तुमी तरी येकटे काय काय करनार?"

तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी दुप्पट दिल्या असत्या. पण तिनं समजून घेतलं. लाज वाटली, सरळ सांगतो. साठी उलटलेल्या माणसाला भर उन्हात, सोवळ्यात, चारचौघांत लाज वाटली.

"धवल," मी हाक मारली. तो नीलांबरीला मदत करायला आला होता, म्हणजे कलशाजवळ बसून मोबाइलवर त्या परदेशी माणसाचं उत्तर आलं का ते बघत होता. "गोरक्षनाथाकडून माईक घेऊन ये. बिनवायरीचा."

तो एक शब्द न बोलता धावला. एवढा संयम माझ्यात नाही, हे मान्य करतो. मी त्याच्या जागी असतो तर निदान दोन वाक्यं ऐकवली असती.

माईक घेऊन मी रंगुबाईच्या अंगणात बसलो. झालं, वस्ती पेटली. आमची शांत काय सामुदायिक विवाहासारखी करणार का, असं चार घरांतून विचारणं आलं. मालनबाई कमरेवर हात ठेवून आली. तिची शांत होऊन गेली होती, तरी ती आली. "आमच्या स्पीकरवर दुसऱ्यांची शांत? आनि बसायचं त्या टोकाला?"

मी माईक सुरू केला. "ऐका. तुमचं घर वेगळं, कलश वेगळा, दार वेगळं, गोत्र वेगळं. त्याला कोणी हात लावत नाही. आत बसलात की तुम्हाला वाटलं पाहिजे, गुरुजी माझ्या एकट्याच्याच घरी आलेत. पण देश सगळ्यांचा एक, काल सगळ्यांचा एक. तो मी एकदाच म्हणेन. नावाची जागा आली की थांबेन, तिथं ज्यानं त्यानं आपलं नाव घ्यायचं. ज्याला पटत नाही त्यानं सुश्रुतला फोन करावा."

बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, हे सगळं माझ्या पोराचं बोलणं आहे. ते त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण तो पाठ करून उभा राहिला आणि त्याचे खांदे हलत होते.

मग सवयीनं मी ते वाक्य म्हटलं, जे मी प्रत्येक पूजेला दरडावून म्हणतो. "आणि संकल्प एकदा कानावर पडला की सांगता होईपर्यंत कोणी जागचं उठायचं नाही. उठला त्याचं पुण्य गेलं."

हे वाक्य मी घरातल्या चारपाच माणसांपुढं म्हणत आलोय. गोरक्षनाथाच्या भोंग्यांची तोंडं बाजाराकडे होती, हे माझ्या ध्यानात नव्हतं. अख्ख्या तिसगावानं ते ऐकलं. मी म्हटलं, "डोळ्यांना पाणी लावा, आचमन करा," आणि नंतर कळलं ते असं, की स्टँडजवळच्या हॉटेलात पाण्याचा जग या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. न्हाव्याकडं एकजण अर्धी दाढी करून हात जोडून बसला. भाजीवाल्या बायका सुपारी नाही म्हणून कांदा हातात घेऊन बसल्या. ज्यांना घर नाही, ज्यांना शांत नाही, त्या सगळ्यांपर्यंत माझा देशकाल पोचला.

धवल माझ्या कानाशी लागला. "बाबा, ज्यांचा संबंध नाही त्यांनाही बातमी गेली. हे होऊ नये म्हणून तर आम्ही घरं वेगळी करतो."

"गप्प बस," मी माईकवर हात ठेवून म्हटलं. "ट्रककडे बघ."

ट्रकचं इंजिन बंद झालं होतं. ड्रायव्हरनं चपला काढून टायरजवळ ठेवल्या होत्या. टपावर मुकादम बिभीषण मांडी घालून बसला होता, उजव्या हाताच्या खोलगटात बाटलीतलं पाणी घेऊन. ते सांडू नये म्हणून तो हलतसुद्धा नव्हता.

मी पहिल्यांदाच आयुष्यात देशकाल भराभर म्हटला. अक्षर गाळलं नाही, फक्त आळवलं नाही. नावाची जागा आली तेव्हा थांबलो. बाकीच्या नऊ घरांतून नऊ नावं उठली, कोणी ओरडून, कोणी लाजून. एका घरातून 'अमुक गोत्राचा अमुक' असं जसंच्या तसं आलं, ते मी नंतर जाऊन दुरुस्त केलं. रंगुबाई माझ्यापुढं बसली होती. तिला गोत्र माहीत नव्हतं.

"माहीत नसेल तर काश्यप म्हणायचं," मी सांगितलं. "ज्याला कोणतं नाही त्याला काश्यप."

"डीफॉल्ट," धवल पुटपुटला.

"काश्यप गोत्राची रंगुबाई," ती म्हणाली. एकदा म्हणाली, मग आणखी एकदा, हळू आवाजात, नीट बसतंय का ते बघितल्यासारखी.

मुहूर्त शिल्लक असताना दहाच्या दहा घरांत दूध उतू गेलं. रंगुबाईचं दूध नीलांबरीनंच आत जाऊन तापवलं, आणि ती घरोघरी फिरून बघत होती. एकही घर राहिलं नाही असं तिनं लांबूनच हातानं खुणावलं. मी माईकवर सांगता म्हटली, तेव्हा कुठं बाजार उठला. मुकादम टपावरून उतरून माझ्याकडं आला. मला वाटलं, भांडायला आला.

"गुरुजी," तो गंभीरपणे म्हणाला, "मी बी पानी सोडलं. आता माजी पन शांत झाली म्हनायची का? मला तिसगावात घर न्हाई, मी तर मिरजगावचा."

मी त्याला सांगितलं, पुण्य शिल्लक राहतं, घर बांधशील तेव्हा वापर. तो समाधानानं गेला.

धवलच्या कामाचं काय झालं तेही इथंच सांगून टाकतो, कारण पुढं मला फक्त रंगुबाईचं सांगायचं आहे. त्यानं तपासणाऱ्याला पुरावा दिला, की सगळ्या घरांना बातमी पोचते, एकही चुकत नाही, पत्र मात्र एकदाच लिहिलं जातं. त्या कडक माणसानं दोन शब्दांचं उत्तर पाठवलं आणि काम घेतलं. धवल म्हणतो, आता घरं फार लवकर उभी राहतात. माझ्याही शांती लवकर होतात असं गाव म्हणतं. मी ते कबूल करत नाही.

तर रंगुबाई. तिच्या उंबऱ्यावर मी तांदळाचं माप ठेवलं. तिनं कलश कडेवर घेतला, उजवं पाऊल टाकलं आणि आत गेली. दार तिनं आतून लोटून घेतलं. आत काही नव्हतं. एक पाट, देवाचा फोटो, चुलीवर उतू गेलेलं दूध आणि चार भिंती. ट्रकातली पोरं माना उंचावून बघत होती. मी आणि धवल अंगणात उभे होतो.

आतून तिचा आवाज आला. बाहेरून आलेल्या माणसानं दारातून हाक मारावी तसा, मोठ्यानं. "कोन हाय का घरात?"

रिकाम्या घरात आवाज घुमतो तसा घुमला आणि थांबला.

मग तिचाच आवाज, आतल्या बाईचा. "हाय की. मी हाय. ये, बस."

धवलनं माझ्याकडं पाहिलं. आदल्या दिवशी मी ज्या गोष्टीवर गावभर हसत होतो ती मला आठवली, आणि हसू आलं नाही. माझे डोळे भरले होते आणि सोवळ्याला खिसा नसतो, म्हणून उपरण्यानंच पुसले.

ड्रायव्हर चपला घालून हॉर्नकडं हात नेत होता. मी लांबूनच हात वर करून त्याला थांबवलं. "बसू दे तिला," मी म्हटलं. "आत्ताच आलीय."